यकृताचा कर्करोग आणि आहार: पथ्याच्या पानावर नेमकं काय लिहावं?

पथ्यकर

तीन गटांतल्या लोकांसाठी एकेका पानाचं पथ्यपत्रक तयार करायचं आहे: फॅटी लिव्हर असलेले, जुनाट कावीळ ब किंवा क असलेले आणि सिरोसिसचं (यकृत वणांनी कडक होण्याचं) निदान झालेले. सध्या फिरणारी पत्रकं वाचली की वैताग येतो. ‘तेलकट-तिखट बंद, फळं खा, भरपूर पाणी प्या’ यापुढे कुणी जात नाही. कर्करोगाचा धोका खरोखर कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, ते आकड्यांसह हवंय. माझे अडलेले मुद्दे असे:

अफ्लाटॉक्सिन, म्हणजे दाण्यांवरच्या बुरशीचं विष, भाजल्याने किंवा शिजवल्याने जातं का? घरात धान्य-दाणे ठेवताना ओलाव्याची मर्यादा काय धरायची? कॉफीचा फायदा खरा आहे का, आणि असेल तर किती कप? दारूची ‘चालेल एवढी’ मर्यादा लिहावी की लिहूच नये? वजन किती टक्के उतरलं म्हणजे यकृतात फरक पडतो? आणि सिरोसिसवाल्यांना तेच पान देऊन चालेल का?

मोघम सल्ले नकोत. कारण सांगितलंत तर उत्तम, कारण लोक ‘का’ विचारतातच.

सूक्ष्मदर्शी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, सिरोसिसचं पान वेगळंच हवं. त्यावर नंतर लिहितो.

पहिल्या दोन पानांच्या डोक्यावर मात्र आहार लिहू नका. तिथे दोन रक्ततपासण्या लिहा: एचबीएसएजी (कावीळ ब साठी) आणि अँटी-एचसीव्ही (कावीळ क साठी). यकृतात सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृताच्या पेशींचेच कर्करोग असतात, आणि जगभरात त्यामागची सगळ्यात मोठी कारणं आजही ब आणि क हे विषाणूच आहेत. क विषाणू ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांत पूर्ण जातो. असा परिणाम देणारा आहार अस्तित्वात नाही. ब विषाणूवर औषध आहे, घरातल्या बाकीच्यांसाठी लस आहे, नवजात बाळाला ती जन्मानंतर २४ तासांत द्यायची असते. फॅटी लिव्हर म्हणून वर्षभर साखर तोडली आणि आत ब विषाणू तपासलाच नव्हता, असं झालं तर पथ्याने नुकसानच केलं, कारण त्याने खोटा दिलासा दिला.

दुसरी गोष्ट, यकृतात वण किती पडलेत ते कळायला हवं. ‘ग्रेड १, ग्रेड २’ हे सोनोग्राफीतलं चरबीचं वर्णन झालं. कर्करोगाचा धोका चरबीपेक्षा वणांशी, म्हणजे फायब्रोसिसशी जास्त बांधलेला आहे. नेहमीच्या रिपोर्टवरून फिब-४ (वणांचा अंदाज देणारा आकडा) काढता येतो; त्यातली एएसटी आणि एएलटी ही यकृताची एन्झाइम:

वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ).

उदाहरण घ्या: वय ५२, एएसटी ४८, एएलटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार. वर ५२ × ४८ = २४९६. खाली २१० × ८ = १६८०. उत्तर १.४९. १.३ च्या खाली असेल तर गंभीर वणांची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त. मधल्यांनी इलास्टोग्राफी (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्यायची. वय ६५ च्या वर असेल तर खालची मर्यादा १.३ ऐवजी २.० धरतात, नाहीतर वयाच्याच जोरावर निम्मे ज्येष्ठ संशयित ठरतील.

इथे हमखास होणारी चूक प्लेटलेटची. आकडा हजारांत घालायचा, म्हणजे २१०. कुणी २.१ घालतं आणि उत्तर १४९ येतं, कुणी २१०००० घालतं आणि सगळं ‘नॉर्मल’ होऊन बसतं. तापात किंवा ताज्या काविळीत एएसटी-एएलटी चढलेले असतात, तेव्हा हे गणित करू नये.

कोरडवाहू

अफ्लाटॉक्सिनवर मी लिहितो, धान्यसाठवण हाच माझा विषय.

ॲस्परजिलस फ्लेवस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरश्या हे विष तयार करतात. मुख्यतः शेंगदाणा, मका, काही सुका मेवा, सुकी मिरची, सरकी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरसटलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा याचा छडा लागला. ‘बी-१’ हा यातला सगळ्यात घातक प्रकार. यकृत त्याचा निचरा करायला जातं आणि त्या खटपटीत त्याचं एपॉक्साइड बनतं, जे डीएनएतल्या ग्वानीनला चिकटतं. टीपी-५३ या, कर्करोग रोखणाऱ्या जनुकात २४९ व्या जागी ठरावीक बदल सापडला की अफ्लाटॉक्सिनचा हात होता असा संशय घेतात, इतका तो ठसा ओळखीचा आहे.

शिजवून जातं का? नाही. हे विष मोडायला २३५ ते ३०० अंश सेल्सिअसच्या घरातलं तापमान लागतं. उकळून, वाफवून बुरशी मरते, विष मागे राहतं. भाजल्याने काही भाग कमी होतो, पण किती ते दाण्याच्या ओलाव्यावर, भाजण्याच्या वेळेवर आणि मुळात किती होतं त्यावर अवलंबून. त्यावर भरवसा टाकता येत नाही. पत्रकात ‘नीट भाजून खा’ असं लिहू नका, लोक बुरसटलेले दाणे भाजून खातील.

उपयोगी पडते ती निवडणी. हे विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ आणि मोजक्या दाण्यांत प्रचंड साठा, असं त्याचं वाटप असतं. म्हणून मूठभर नमुना तपासून ‘स्वच्छ’ म्हणण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच हाताने निवडून बरंच काम होतं. बाजूला काय काढायचं: सुरकुतलेले लहान दाणे (शेवटच्या टप्प्यात पाण्याचा ताण पडलेल्या शेंगांतले, बुरशी यांच्यातच आधी शिरते), साल काळपट किंवा पिवळट-तपकिरी पडलेले, तुटके, किडीने पोखरलेले, हिरवट-करडी भुकटी दिसणारे. भाजून साल काढल्यावर दुसऱ्यांदा निवडा. साल असताना न दिसलेले डाग तेव्हा उघडे पडतात. दाणा दोन फाकांत उघडल्यावर आतल्या पोकळीत करडी लव दिसली तर तो तर जाऊ द्याच, त्याच पिशवीतले आणखी पंचवीस-तीस फोडून बघा. चावताना कडू लागला तर गिळू नका, थुंका. विषाला स्वतःची चव नाही, कडवटपणा खराब झालेल्या दाण्याचा असतो, पण दोन्ही बहुधा सोबत येतात.

खवट आणि बुरसट यांत गल्लत नको. खवटपणा तेलाच्या ऑक्सिडेशनचा असतो. खवट दाण्यात अफ्लाटॉक्सिन असेलच असं नाही, आणि ताज्या चवीच्या दाण्यात नसेलच असंही नाही. भरड, पीठ किंवा बटर यांत निवडणीची संधीच संपलेली असते, म्हणून स्वस्त सुटं पीठ घेण्यापेक्षा अख्खे दाणे घेऊन निवडून दळणं बरं.

ओलावा: सोललेला शेंगदाणा ७ टक्क्यांपर्यंत, मका १३ ते १४ टक्क्यांपर्यंत. शेंगदाण्याची मर्यादा निम्मी का, तर त्याचा जवळपास अर्धा भाग तेल असतो आणि तेल पाणी धरत नाही. म्हणजे तेच ७ टक्के पाणी उरलेल्या अर्ध्या भागात कोंबलेलं असतं, बुरशीच्या दृष्टीने ते मक्यातल्या १४ टक्क्यांसारखंच.

मापक नसेल तर मक्यासाठी मिठाची चाचणी. कोरड्या काचेच्या बरणीत तिसऱ्या हिश्शाएवढा मका, त्यात दोन-तीन चमचे कढईत कोरडं करून गार केलेलं मीठ, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तर ‘१५ च्या खाली’ एवढंच कळलं, १३ झालं असं नव्हे, म्हणून आणखी एक दिवस उन्हात. ही चाचणी शेंगदाण्याला लागू नाही. मीठ आधीच दमट असेल तर उत्तर खोटं येतं, ही नेहमीची फसगत.

वाळवून झाल्यावर हवाबंद डब्यात, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर. पण ओलसर माल हवाबंद केला तर रात्रीच्या गारव्यात डब्याच्या झाकणाला आतून दव धरतं, ते थेंब वरच्या थरावर पडतात आणि बुरशी तिथून सुरू होते. डबा उघडल्यावर वरचा थर गोळा झालेला दिसला की समजायचं काय घडलं ते. दमट हवेत ओलसर मापाने दाणे काढणं, ऊन दाखवलेला माल गरम असतानाच भरणं, दोन्ही टाळा. थोडे दाणे फ्रिजात, घट्ट बरणीत, हे सगळ्यात सोपं.

जाता जाता: जांभळ्या दिव्याखाली हिरवट चमक दिसली म्हणजे अफ्लाटॉक्सिन, असे व्हिडिओ फिरतात. मक्यातली ती चमक कोजिक आम्लापासून बनणाऱ्या संयुगाची असते. बुरशी वाढली होती एवढंच त्यातून कळतं, आणि शेंगदाण्यात तर ती भलतीच दिशाभूल करते.

पथ्यकर

कोरडवाहू, हे जवळजवळ जसंच्या तसं पानावर जाईल. दोन शंका. शेंगदाण्याच्या तेलाचं काय? आणि दुधात उतरतं म्हणतात, ते कितपत? शिवाय कावीळ ब असलेल्यांसाठी हा मुद्दा वेगळ्या चौकटीत टाकावा का?

कोरडवाहू

तेल: रिफायनिंगमध्ये अल्कली आणि ब्लीचिंगच्या टप्प्यांत अफ्लाटॉक्सिन जवळपास पूर्ण निघून जातं. घाण्याच्या, न गाळलेल्या तेलात राहू शकतं, कारण पेंडीचे बारीक कण त्यात तरंगत असतात. घाण्याचं घ्यायचंच असेल तर दाणे निवडून देणाऱ्याकडून, आणि तळाचा गाळ वापरायचा नाही.

दूध: जनावराने बुरसट पेंड खाल्ली की बी-१ चा साधारण १ ते ६ टक्के भाग एम-१ होऊन दुधात उतरतो. पेंड बदलली की तीन-चार दिवसांत थांबतो. पाश्चरायझेशनने जात नाही. कर्करोग घडवण्याची त्याची ताकद बी-१ च्या दहाव्या हिश्शाएवढी धरतात. हे गोठ्यात सोडवायचं काम आहे, पत्रकात ‘दूध टाळा’ लिहायला आधार नाही. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा दुधात किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात ०.०५. शेंगदाण्यात कोडेक्स १५ (पुढे प्रक्रिया होणाऱ्या मालासाठी), तर युरोप थेट खायच्या दाण्यात एकूण ४.

आकडेमोड

चौकटीच्या प्रश्नाला: हो, वेगळी चौकट आणि ठळक अक्षरांत.

शांघायच्या पुरुषांच्या पाठपुराव्यात (१९९० च्या दशकाची सुरुवात) फक्त अफ्लाटॉक्सिनची खूण सापडलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका ३.४ पट, फक्त ब विषाणू असलेल्यांत ७.३ पट, आणि दोन्ही असलेल्यांत ५९ पट निघाला. ही बेरीज नाही, गुणाकाराच्याही पलीकडे जाते. अन्नातल्या विषांचं मूल्यमापन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या हिशेबात तेवढ्याच मात्रेला ब विषाणू असलेल्या माणसाचा धोका नसलेल्याच्या सुमारे ३० पट धरला जातो. तेव्हा सगळ्यांना ‘दाणे निवडा’, पण ब असलेल्याला ‘निवडल्याशिवाय खाऊच नका, सुटं पीठ घेऊ नका’.

आहार बदलून मृत्युदर खाली आल्याचं चांगलं उदाहरण चीनमधल्या चीतुंगचं. १९८० च्या दशकात तिथे रोजच्या खाण्यातला मका जाऊन तांदूळ आला. पुढच्या दोन दशकांत लोकांच्या रक्तातली अफ्लाटॉक्सिनची खूण झपाट्याने उतरली आणि यकृत कर्करोगाचे मृत्यूही निम्म्याहून खाली आले. लस मिळालेली पिढी तेव्हा लहान होती, त्यामुळे श्रेय लसीला देता येत नाही. तिथेच क्लोरोफिलिनच्या (हरितद्रव्यापासून बनवलेल्या) गोळ्यांची चाचणी झाली, १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. लघवीतली डीएनएला चिकटलेल्या विषाची खूण ५५ टक्क्यांनी घटली. यावरून ‘हिरव्या भाज्या विष मारतात’ असा निष्कर्ष काढणारे खूप. खूण घटली हे खरं, कर्करोग घटला का हे त्या चाचणीने मोजलंच नव्हतं.

कॉफी. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१५ च्या अहवालात यकृतासाठी ‘कमी करणारं’ या रकान्यात भक्कम पुराव्याचं एकच नाव आहे, कॉफी. रोजच्या एका कपामागे धोका सुमारे १४ टक्क्यांनी कमी. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात रोज दोन कप जास्त पिणाऱ्यांत ३५ टक्के कमी. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-पाहणीच्या माहितीवरून २०२१ मध्ये दिसलं की ताजी दळलेली, इन्स्टंट आणि कॅफीन काढलेली, तिन्हींचा संबंध यकृताच्या जुनाट आजारांच्या कमी प्रमाणाशी आहे. म्हणजे सगळं श्रेय कॅफीनचं नसावं.

सावधगिरीचा मुद्दा: ही सगळी निरीक्षणं आहेत. ज्यांचं यकृत बिघडलेलं असतं ते आधीच कॉफी कमी करतात (कॅफीन बाहेर पडायला वेळ लागतो, झोप उडते), त्यामुळे ‘न पिणाऱ्यांत आजार जास्त’ हे काही अंशी उलट्या दिशेनेही घडतं. तरी इतक्या वेगवेगळ्या लोकांत, मद्य आणि विषाणू हिशेबात घेऊनही तीच दिशा येते, म्हणून मी ‘पीत असाल तर थांबवू नका, २ ते ३ कप चालतील’ असं लिहीन. न पिणाऱ्याला ‘सुरू करा’ असं औषधासारखं सांगणार नाही.

निमसाखर

आकडेमोड यांच्या कॉफीला एक शेपूट: साखर मोजा. कपाला दोन चमचे, तीन कप, झाले २४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. कॉफीतच कोटा संपला. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल राहतं, ते एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतं, म्हणून कागदाच्या गाळणीची किंवा इन्स्टंट बरी. गरोदरपणात कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत. आणि ६५ अंशांच्या वरचं कोणतंही पेय अन्ननलिकेला घातक असण्याची शक्यता आहे, वाफाळता कप थोडा थांबूनच प्या.

आता फॅटी लिव्हर. ‘तेलकट टाळा’ हा सल्ला अगदी चुकीचा नाही, पण नेम चुकतो. यकृतात चरबी साठण्याचा एक मोठा रस्ता साखरेतून, विशेषतः फ्रुक्टोजमधून जातो. ग्लुकोज स्नायू, मेंदू सगळेच वापरतात. फ्रुक्टोजचा बहुतांश भार आतडं आणि यकृतावर पडतो, आणि द्रवरूपात भराभर आला की तिथे त्याची चरबी बनते. ३३० मिलिलिटर कोलात सुमारे ३५ ग्रॅम साखर. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ फळांच्या रसाच्या २५० मिलिलिटर ग्लासात साधारण २५ ग्रॅम. अख्खं फळ चालतं, कारण चोथ्यामुळे साखर सावकाश येते आणि तीन-चार फळांचा गर एका दमात कुणी खात नाही. रस मात्र एका दमात पितात.

वजनाचे टप्पे पानावर किलोमध्येच लिहा, टक्के वाचून लोक पुढे जातात. ८४ किलोच्या माणसासाठी: ५ टक्के म्हणजे ४.२ किलो उतरले की चरबी कमी होते. ७ ते १० टक्के, म्हणजे ५.९ ते ८.४ किलो उतरले की बऱ्याच जणांत सूज शमते. १० टक्क्यांच्या पुढे गेलेल्यांत, ऊतींचे नमुने तपासलेल्या अभ्यासात, ४५ टक्क्यांचे वण मागे हटलेले दिसले. शरीरयष्टी बारीक असूनही फॅटी लिव्हर असेल तर ३ ते ५ टक्केही पुरतात.

वेग: आठवड्याला अर्धा ते एक किलो. रोजच्या गरजेपेक्षा ५०० ते ७०० किलोकॅलरी कमी. दीड किलोच्या वर उतरवत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याची भीती, आणि उपासमारीत शरीरातली चरबी एकदम यकृताकडे धावते म्हणून सूज वाढूही शकते. आठवड्याला १५० मिनिटं दमवणारं चालणं लिहा. काटा हलला नाही तरी यकृतातली चरबी त्याने कमी होते, हे आवर्जून लिहा, कारण काटा हलत नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात लोक सोडून देतात.

आकडेमोड

गोड पेयांबद्दल एक आकडा सतत अर्धवट सांगितला जातो, म्हणून पूर्ण देतो. अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीनंतरच्या सुमारे ९९ हजार स्त्रियांच्या पाहणीत (२०२३) रोज एक किंवा जास्त गोड पेयं घेणाऱ्यांत यकृताचा कर्करोग ८५ टक्क्यांनी जास्त दिसला. ऐकायला भयंकर. मूळ दर बघा: लाख व्यक्ती-वर्षांमागे (एक लाख जणींचा वर्षभर पाठपुरावा धरून) १०.३ विरुद्ध १८. म्हणजे एक लाख स्त्रियांत वर्षाला सातआठ प्रकरणं जास्त. टाळावं यात शंका नाही, पण एका बाटलीने कर्करोग होतो अशी भाषा नको. याच दराच्या जागी सिरोसिस किंवा जुनाट ब विषाणू असलेला गट ठेवला तर मुळातला आकडाच कैक पट मोठा असतो, आणि मग तेच टक्के गंभीर होतात. टक्केवारीआधी ‘कुणाचे टक्के’ हे विचारायचं.

लाल आणि प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं २०१५ चं वर्गीकरण मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आधारलेलं आहे. यकृतासाठी पुरावा तुटपुंजा. पानावर नको.

सूक्ष्मदर्शी

दारू. ‘चालेल एवढी’ मर्यादा लिहू नका. कॉफीच्या संदर्भात वर आलेल्या २०१५ च्या अहवालात दिवसाला ४५ ग्रॅम अल्कोहोलच्या आसपासून पुढे पुरावा निर्विवाद म्हटलाय. ते वाचून ‘४४ पर्यंत सुरक्षित’ असा अर्थ काढतात. तो आकडा निरोगी यकृताच्या सरासरीचा आहे, आणि तुमच्या तिन्ही गटांत निरोगी यकृत कुणाचंच नाही. ब, क, लठ्ठपणा, मधुमेह यांपैकी काहीही सोबत असेल तर धोका एकमेकांना वाढवत जातो. तिन्ही पानांवर ‘शून्य’ लिहा.

पण हिशेब शिकवा, कारण लोक ‘फक्त बिअर घेतो’ म्हणतात. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. पाच टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर: १३ ग्रॅम. आठ टक्क्यांची ५०० मिलिलिटर बिअर: ३१.६ ग्रॅम. चाळीस टक्क्यांचं ६० मिलिलिटर मद्य: १९ ग्रॅम. म्हणजे आठ टक्क्यांची एक मोठी बिअर तीन छोट्या पेगांपेक्षा थोडी जास्तच. तंबाखूच्या धूम्रपानानेही यकृताचा कर्करोग होतो, ती ओळ शेजारीच घाला.

आता सिरोसिसचं पान. इथे फॅटी लिव्हरचा सल्ला बहुतेक उलटतो. सिरोसिसमध्ये यकृत ग्लायकोजेन (साठवणीची साखर) पुरेसं साठवू शकत नाही. रात्रीच्या दहा तासांच्या उपाशीपणात शरीर स्नायू मोडून साखर बनवायला लागतं, निरोगी माणसात हे व्हायला बराच जास्त वेळ लागतो. म्हणून:

प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. ऊर्जा किलोमागे किमान ३० ते ३५ किलोकॅलरी. पोटात पाणी असेल तर पाणी वजा करून वजन धरायचं, नाहीतर सगळाच हिशेब फुगतो. दिवसात तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडंथोडं, आणि झोपण्यापूर्वी ५० ग्रॅम कर्बोदकं असलेलं खाणं, सोबत थोडी प्रथिनं. सकाळी उठल्याबरोबर काहीतरी पोटात.

‘लिव्हर खराब आहे, प्रथिनं बंद करा’ हा सल्ला अजून दिला जातो. भ्रम किंवा गुंगी येणाऱ्या रुग्णातही आता प्रथिनं तोडत नाहीत. स्नायू अमोनिया वापरून संपवतात, ते झिजले तर अमोनिया वाढतो. सोसत नसेल तर डाळी, दूध, दही, अंडी अशी विभागून द्यावीत. मीठ: पोटात पाणी असेल तर दिवसाला पाच ते सहा ग्रॅमच्या आत, एकूण. मात्र अन्न इतकं बेचव करू नका की जेवणच अर्धं होईल, मग मिठात कमावलेलं प्रथिनांत जातं.

आणि पानाच्या तळाला, आहाराशी संबंध नसला तरी: दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी (यकृताच्या कर्करोगाची खूण शोधणारी रक्ततपासणी). क विषाणू बरा झाला तरी सिरोसिस असेल तर ही तपासणी थांबवायची नाही. ‘पथ्य नीट पाळतोय’ म्हणून तारीख चुकवणारे भेटतात.

रानवाटा

‘लिव्हर डिटॉक्स’ची ओळ विसरू नका. सप्लिमेंटमुळे होणारी यकृताची इजा हा खरा, नोंदलेला प्रकार आहे. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतलं की यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं. कपातला ग्रीन टी वेगळा, गोळीतला अर्क वेगळा. हळदीचंही तसंच, स्वयंपाकातली चिमूट आणि मिरीच्या पिपरिनसोबत शोषण वाढवलेली कॅप्सूल यांत फरक आहे. त्या कॅप्सूलनंतर गंभीर हेपॅटायटिस झाल्याच्या नोंदी आहेत. ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींचा ठसा तर यकृताच्या कर्करोगांच्या डीएनएतच सापडलाय.

निमसाखर

रानवाटा, सहमत, पण ‘सगळ्या वनौषधी बंद’ असं लिहिलं तर लोक लपवून घेतील. ‘घेत असलेली प्रत्येक बाटली-पुडी दाखवा’ असं लिहिणं जास्त कामाचं. लोहाच्या गोळ्याही त्यात आल्या. रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) तपासल्याशिवाय ‘ताकदीसाठी’ लोह नको, जास्तीचं लोह यकृतातच साठतं.

पथ्यकर

तिन्ही पानांचा आराखडा झाला. मासे खाणाऱ्यांसाठी वेगळं काही?

सूक्ष्मदर्शी

मासे चांगलेच. फक्त गोड्या पाण्यातले कच्चे किंवा अर्धकच्चे नकोत. त्यांतून ओपिस्थोर्किस आणि क्लोनॉर्किस हे यकृत-कृमी शिरतात, पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहतात आणि तिथला कर्करोग करतात. ईशान्य थायलंडमध्ये तो इतका का आढळतो, याचं मुख्य कारण हेच. लिंबात मुरवून, खारवून किंवा धुरी देऊन कृमी मरेल याची खात्री नाही. आतपर्यंत ६३ अंश होईल असं शिजवा, किंवा उणे २० अंशांत सलग सात दिवस गोठवा. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा पुष्कळदा उणे २० गाठत नाही, आत थर्मामीटर ठेवून बघा. सिरोसिस असेल तर कच्चे शिंपले-कालवंही पूर्ण बंद. त्यातल्या व्हिब्रिओ जंतूने अशा रुग्णात एक-दोन दिवसांत रक्तात विष पसरून जीव जाऊ शकतो.